रांगेत आधी कोण? नेटवर्क स्विचवरील सेवा-गुणवत्तेची मांडणी

परगावी बोलण्यासाठी ट्रंककॉल नोंदवावा लागत असे, त्या काळी साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. तातडी जितकी अधिक, तितका दर अधिक. दोन शहरांना जोडणाऱ्या तारा मात्र तेवढ्याच असत. लाइटनिंग कॉल आधी जोडला जाई, तो नवी तार ओढून नव्हे, तर साधा कॉल नोंदवणाऱ्याला आणखी काही काळ ताटकळत ठेवून. संगणकांच्या जाळ्यात स्विचवर ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’, म्हणजेच सेवेची गुणवत्ता राखण्याची जी व्यवस्था केली जाते, तिचे मर्म याहून वेगळे नाही.

एकेकाळी दूरध्वनीची तार वेगळी, संगणकाची वेगळी आणि कॅमेऱ्यांची वेगळी असे. आता कार्यालये, रुग्णालये, बँका आणि महाविद्यालये यांतील बोलणे, चित्रफिती, हजेरीयंत्रे, हिशेब आणि रात्रीचा बॅकअप हे सारे एकाच केबलवरून वाहते. त्यामुळे एका कोपऱ्यात कोणी मोठी फाइल उतरवून घेऊ लागले, की दुसऱ्या कोपऱ्यातील फोनवरचा आवाज तुटू लागतो. स्विचवर सेवा-गुणवत्ता चालू केली की जाळे वेगवान होईल, अशी अशा वेळी अनेकांची अपेक्षा असते. ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. या व्यवस्थेने बँडविड्थ एका बिटानेही वाढत नाही. कोंडी झाली असता कोणी थांबावे आणि कोणाचे पॅकेट टाकून द्यावे, एवढेच ती ठरवते. म्हणूनच स्विचला आज्ञा देण्यापूर्वी, थांबवायचे कोणाला, या प्रश्नाचे उत्तर संस्थेपाशी असावे लागते.

कोंडी कोठे होते?

स्विच हा जाळ्यातील चौक होय. एका पोर्टवरून आलेली फ्रेम कोणत्या पोर्टने बाहेर जावी, हे तो ठरवतो. बाहेरची वाट मोकळी असेल, तर फ्रेम तत्काळ निघून जाते आणि प्राधान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एकाच वाटेने एकाच क्षणी दोन फ्रेमना जायचे असेल, तेव्हाच एकीला बफर नावाच्या तात्पुरत्या साठवणीत थांबावे लागते.

अशी वेळ मुख्यतः तीन ठिकाणी येते. पहिले ठिकाण म्हणजे वरच्या स्विचकडे जाणारा दुवा. प्रत्येकी १ गिगाबिटच्या २४ पोर्टवरील मागणी १ गिगाबिटच्याच एका दुव्यावर येऊन पडली, तर तेथे गर्दी होणारच. दुसरे ठिकाण म्हणजे वेगवान यंत्राकडून संथ यंत्राकडे जाणारी वाट. सर्व्हर १ गिगाबिटने पाठवत असेल आणि समोरचे छपाईयंत्र १०० मेगाबिटचे असेल, तर दहापट वेगाने आलेली माहिती मध्ये कोठेतरी साचावी लागते. तिसरे आणि सर्वांत अडचणीचे ठिकाण म्हणजे कार्यालयाबाहेर पडणारी इंटरनेटची किंवा लीज्ड लाइन.

थोडे गणित केले म्हणजे गर्दीचे स्वरूप ध्यानात येते. १ गिगाबिटच्या दोन पोर्टवरून पूर्ण वेगाने आलेली माहिती १ गिगाबिटच्या एकाच पोर्टने बाहेर काढायची असेल, तर १ मेगाबाइटचा बफर अवघ्या ८ मिलिसेकंदांत भरतो. त्यानंतर येणारे पॅकेट टाकून द्यावे लागते. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख या ८ मिलिसेकंदांची दखलही घेत नाही. म्हणूनच आलेखावर जेमतेम २० टक्के वापर दिसत असतानाही आवाज तुटल्याच्या तक्रारी येतात आणि त्या खऱ्या असतात.

मग बफर मोठा केला तर? तोच १ मेगाबाइटचा भरलेला बफर १० मेगाबिटच्या लाइनवर रिकामा होण्यास ०.८ सेकंद लागते. पॅकेट वाचते, परंतु दूरध्वनीवरील संभाषणाच्या दृष्टीने ते निरुपयोगी झालेले असते. साठवण अमर्याद असली तरी अतिभाराखाली पॅकेट वाया जातातच, कारण रांगेत थांबता थांबता त्यांची मुदत संपते, हे अमेरिकी अभियंते जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवून त्यांना आळीपाळीने संधी द्यावी, हा उपायही त्यांनीच सुचवला. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी फाजील मोठ्या बफरांमुळे होणाऱ्या विलंबाकडे पुन्हा लक्ष वेधले आणि ‘बफरब्लोट’ हा शब्द रूढ झाला.

आवाजाची गरज किती?

विशेष म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा, त्या आवाजाला जागा फारच थोडी लागते. जी.७११ या प्रचलित पद्धतीत आवाजाचे रूपांतर सेकंदाला ६४ किलोबिट माहितीत होते. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक, याप्रमाणे सेकंदाला ५० पॅकेट निघतात आणि प्रत्येकात १६० बाइट आवाज असतो. पत्ता व इतर तपशिलाचे ४० बाइट मिळवले, की एका दिशेचा प्रवाह ८० किलोबिट होतो. इथरनेटचे वेष्टन धरून तो सुमारे ८७ किलोबिट भरतो. १०० मेगाबिटच्या दुव्याच्या तुलनेत हा आकडा नगण्य आहे.

आवाजाची खरी गरज वेळेची आहे. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर बहुतेक संभाषणांत अडचण जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. त्याहून अधिक विलंब झाला, तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात. पॅकेटमधील अंतर कमीजास्त होत राहिले, तर त्यास ‘जिटर’ म्हणतात. त्याने आवाज चिरका होतो. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय येथे उपयोगी नाही. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते.

फाइलचे तसे नाही. तिचे एखादे पॅकेट हरवले, तर टीसीपी ही पद्धत ते पुन्हा पाठवते. फाइल अर्धा सेकंद उशिरा आल्याने कोणाचे अडत नाही. थोडी जागा पण वक्तशीरपणा मागणारा आवाज आणि भरपूर जागा पण सहनशील असलेली फाइल, हा स्वभावभेद आहे म्हणूनच प्राधान्य देणे शक्य होते आणि न्याय्यही ठरते.

खुणांची भाषा

कोणते पॅकेट तातडीचे, हे स्विचला कळावे यासाठी पॅकेटवर खूण केली जाते. ही कल्पना इंटरनेटइतकीच जुनी आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपी प्रोटोकॉलच्या मूळ दस्तऐवजातच सेवाप्रकारासाठी एक बाइट राखून ठेवलेला होता. त्यातील तीन बिटांत प्राधान्याच्या आठ पायऱ्या होत्या. ‘रुटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही त्यांची नावे लष्करी संदेशवहनातील होती.

पुढे प्रत्येक संभाषणासाठी वाटेवरील सर्व यंत्रांत आधीच जागा राखून ठेवावी, असा विचार १९९४ मध्ये ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस’ या नावाने मांडला गेला. त्यासाठी आरएसव्हीपी हा प्रोटोकॉलही १९९७ मध्ये निश्चित झाला. परंतु मोठ्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राने लाखो संभाषणांची नोंद ठेवणे व्यवहार्य नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’ ही साधी पद्धत पुढे आली. तीत यंत्रे संभाषण लक्षात ठेवत नाहीत. प्रत्येक पॅकेटवरील खूण वाचून ती त्याला ठरलेल्या वर्गाची वागणूक देतात. त्या जुन्या बाइटमधील सहा बिटांना ‘डीएससीपी’ हे नाव मिळाले आणि ० ते ६३ असे ६४ क्रमांक उपलब्ध झाले.

इथरनेटच्या पातळीवर आणखी एक खूण असते. ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेमला जो चार बाइटांचा टॅग जोडला जातो, त्यातील तीन बिट प्राधान्यासाठी असतात. त्यांचे मूल्य ० ते ७ असते आणि त्यास ‘सीओएस’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा टॅग फ्रेमसोबत असतो आणि राउटरपाशी फ्रेमचे वेष्टन बदलले, की तो निघून जातो. डीएससीपीची खूण मात्र आयपी पॅकेटच्या आतच असल्याने ती, कोणी मुद्दाम बदलली नाही तर, शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच आज मांडणीचा पाया डीएससीपीवर ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

व्यवहारात मोजकेच क्रमांक वापरात आहेत. दूरध्वनीच्या आवाजासाठी ४६, दृक्‌श्राव्य बैठकीसाठी ३४, महत्त्वाच्या कामकाजासाठी १८ आणि राउटरांच्या आपापसांतील नियंत्रण-संदेशांसाठी ४८ हे प्रचलित आहेत. बाकी सर्वांसाठी ०. बॅकअप आणि अद्ययावतीकरणाच्या फायलींसारख्या, सर्वांत शेवटी गेल्या तरी चालणाऱ्या माहितीसाठी ८ हा क्रमांक रूढ होता. २०१९ मध्ये तिच्यासाठी १ हा स्वतंत्र क्रमांक मानक म्हणून ठरला. ऑगस्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला आरएफसी ४५९४ हा दस्तऐवज या वर्गवारीसाठी मार्गदर्शक मानला जातो.

विश्वास कोणावर ठेवावा?

खूण कोणीही करू शकतो, ही या व्यवस्थेतील मोठी गोम आहे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकावरील प्रोग्रॅमने आपल्या सर्व पॅकेटवर ४६ ही खूण केली आणि स्विचने ती मान्य केली, तर त्याचा चित्रपट साऱ्या कार्यालयाच्या दूरध्वनीला मागे सारील. त्यामुळे जाळ्यात एक सीमा आखावी लागते. सीमेबाहेरून आलेल्या खुणा पुसून नव्याने करायच्या आणि आतल्या खुणांवर विश्वास ठेवायचा. ही सीमा वापरकर्त्याच्या शक्य तितक्या जवळ, म्हणजे ज्या स्विचला त्याचा संगणक जोडला आहे तेथेच असावी.

टेबलावरील फोनला स्विच जोडलेला आणि फोनच्या मागे संगणक, ही रचना कार्यालयांत सर्रास दिसते. तेथे फोनच्या खुणा मानायच्या व संगणकाच्या पुसायच्या, अशी तजवीज करता येते. समोर खरोखर फोनच आहे, हे एलएलडीपी-एमईडी यांसारख्या ओळख पटवणाऱ्या प्रोटोकॉलमुळे स्विचला कळते. फोन काढून तेथे संगणक जोडला, तर विश्वासही काढून घेता येतो. ज्या यंत्रांना खूण करता येत नाही, त्यांच्यासाठी आयपी पत्ता किंवा पोर्ट क्रमांक पाहून स्विचच खूण करतो. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट टीम्ससाठी संगणकाकडील ५०००० ते ५००१९ हे पोर्ट आवाजाकरिता, तर ५००२० ते ५००३९ हे चित्राकरिता राखून वर्गवारी करण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे.

रांगांची शिस्त

खूण वाचल्यावर स्विच फ्रेमला एखाद्या रांगेत उभी करतो. स्विचच्या पोर्टवर सामान्यतः चार किंवा आठ रांगा असतात. कोणत्या रांगेतून किती जणांना सोडायचे, याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला, काटेकोर प्राधान्य. पहिल्या रांगेत कोणी असेपर्यंत इतर रांगांकडे पाहायचेच नाही. दुसरा, भारांकित आळीपाळी. प्रत्येक रांगेला ठरलेल्या प्रमाणात, म्हणजे समजा ४०, ३०, २० आणि १० या हिशेबाने संधी द्यायची आणि एखादी रांग रिकामी असेल तर तिचा वाटा इतरांना वापरू द्यायचा.

आवाजाला पहिला प्रकार मानवतो. पण काटेकोर प्राधान्याची रांग अनिर्बंध ठेवली, तर बाकीच्या रांगांची उपासमार होते. म्हणून तिच्यावर मर्यादा घालावी लागते. प्राधान्याच्या रांगेला दुव्याच्या सुमारे एकतृतीयांशाहून अधिक वाटा देऊ नये आणि सर्वसाधारण रांगेसाठी किमान २५ टक्के राखावेत, असे सिस्को कंपनीचे मार्गदर्शन आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील प्रवाशांना या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मेल-एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी लोकल बाजूस थांबवली जाते, तेव्हा प्राधान्याची किंमत कोण मोजतो, हे ते जाणतात.

रांग भरत आली की कोणाला नाकारायचे, हाही मांडणीचाच भाग आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील दुव्यावर माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. त्या घटनेचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला शिस्त लावली. पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. म्हणजे पॅकेट टाकून देणे हा ‘सावकाश’ असा इशाराही ठरला. १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी याच तत्त्वावर, रांग पूर्ण भरण्यापूर्वीच अधूनमधून एखादे पॅकेट टाकण्याची ‘रेड’ ही पद्धत मांडली. फायलींच्या रांगांना ती उपयुक्त आहे. आवाजाच्या रांगेला ती लावू नये, कारण बोलणाऱ्याचा वेग अशा इशाऱ्याने कमी होत नाही.

मांडणीचा क्रम

प्रत्यक्ष मांडणीची सुरुवात स्विचपुढे नव्हे, कागदावर व्हावी. जाळ्यावरून काय काय वाहते, त्यातील कशाला विलंब चालत नाही आणि कशाला चालतो, याची यादी संबंधित विभागांना विचारून करावी. वर्ग चार-पाचांपेक्षा अधिक नसावेत. बारा वर्ग करून ते चार रांगांतच कोंबावे लागणार असतील, तर त्या बारकाव्याचा उपयोग नाही.

त्यानंतर हिशेब. समजा, एखाद्या शाखेची लाइन २० मेगाबिटची आहे आणि एकाच वेळी जास्तीत जास्त ३० संभाषणे होतात. प्रत्येकी ८७ किलोबिट धरल्यास २.६ मेगाबिट लागतात. एकतृतीयांशाची मर्यादा सुमारे ६.६ मेगाबिट होते. म्हणजे आवाज सहज सामावतो. याच लाइनवर उद्या १०० संभाषणे आली, तर मात्र मागणी ८.७ मेगाबिट होईल आणि मर्यादा ओलांडली जाईल. तेव्हा एकशे एकाव्याचेच नव्हे, तर सर्वांचेच बोलणे तुटू लागेल. यासाठी फोनच्या सर्व्हरवर संभाषणांची कमाल संख्याही ठरवून द्यावी लागते. पॅकेट टाकण्यापेक्षा नव्या कॉलला ‘लाइन व्यस्त आहे’ असे सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

मग क्रमाने विश्वासाची सीमा आखावी, खुणा निश्चित कराव्यात, खुणा व रांगा यांची सांगड घालावी, प्राधान्याची रांग चालू करून तिला मर्यादा द्यावी आणि उरलेल्या रांगांचे वाटे ठरवावेत. ही मांडणी वाटेवरील प्रत्येक स्विचवर सारखीच असावी लागते. दहांपैकी नऊ स्विच नीट मांडले आणि कोंडी दहाव्यावर झाली, तर नऊ जणांचे श्रम वाया जातात.

बाहेरच्या लाइनबाबत एक दक्षता आवश्यक आहे. राउटरचे पोर्ट १ गिगाबिटचे आणि करार ५० मेगाबिटचा असेल, तर राउटरला कोंडी जाणवतच नाही. तो भराभर पाठवतो आणि रांग सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रात लागते, जेथे ग्राहकाच्या प्राधान्यक्रमाला बहुधा स्थान नसते. यास्तव बाहेर जाणारा वेग कराराहून किंचित कमी, म्हणजे समजा ४८ मेगाबिटवर, राउटरवरच रोखून धरावा. यास ‘शेपिंग’ म्हणतात. रांग आपल्या घरात लागली, तरच तिची शिस्त आपल्या हाती राहते.

चालू करताच का बिघडते?

सेवा-गुणवत्ता चालू केली आणि आवाज आधीपेक्षा खराब झाला, हा अनुभव तंत्रज्ञांमध्ये सर्वज्ञात आहे. त्यामागे गूढ काही नाही. सिस्कोच्या २००० च्या दशकातील कॅटॅलिस्ट २९६०, ३५६० आणि ३७५० या मालिकांमध्ये ही सोय मुळात बंद असे आणि त्या स्थितीत खुणा जशाच्या तशा पुढे जात. ‘एमएलएस क्यूओएस’ ही एक आज्ञा दिली, की सर्व पोर्ट अविश्वासू ठरत आणि फोनने केलेली ४६ ही खूण पुसून ० होत असे. प्रत्येक पोर्टवर विश्वासाची आज्ञा वेगळी द्यावी लागे. प्राधान्याची रांगही आपोआप चालू होत नसे. शिवाय बफर चार रांगांत समान वाटला जाई. त्यामुळे जी सर्वसाधारण माहिती आधी मोठ्या साठवणीत मावत होती, ती आता लहान कप्प्यातून सांडू लागे.

दुसरा सापळा क्रमांकांच्या रूपांतराचा आहे. याच स्विचवर सीओएस ५ चे रूपांतर ठरावीक कोष्टकानुसार डीएससीपी ४० मध्ये होई, ४६ मध्ये नव्हे. ते हाताने बदलावे लागे. त्याच कंपनीच्या पुढील पिढीतील ३८५० मालिकेत तारेने जोडलेल्या पोर्टवरील खुणांवर मुळातच विश्वास ठेवण्यात आला. म्हणजे जुन्या स्विचवर पाठ केलेल्या आज्ञा नव्यावर तशाच गिरवल्या, तर परिणाम उलटा होऊ शकतो. म्हणून कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, ‘काहीच सांगितले नाही तर हा स्विच काय करतो’, हे आधी त्या मालिकेच्या पुस्तिकेतून जाणून घ्यावे.

तिसरा सापळा बिनतारी जाळ्याचा. वाय-फायमध्ये आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग असतात. अनेक यंत्रे डीएससीपीचे पहिले तीन बिट घेऊन वर्ग ठरवत. त्या हिशेबाने ४६ या खुणेचे मूल्य ५ येते आणि आवाज चित्राच्या वर्गात जाऊन बसतो. फेब्रुवारी २०१८ मधील आरएफसी ८३२५ या दस्तऐवजाने आवाजासाठी ६ हे मूल्य वापरावे, असे स्पष्ट केले.

पण सर्वांत जुनाट दुखणे तांत्रिक नाही. प्रत्येक विभागाला आपले काम तातडीचे वाटते. हिशेब खात्याला हिशेब, विक्री विभागाला मागण्या, वरिष्ठांना त्यांची बैठक. सर्वांचे समाधान करण्यासाठी सर्वांनाच वरचा वर्ग दिला, की वर्गच उरत नाही.

तपासणी

मांडणी पूर्ण झाली याचा पुरावा आज्ञांच्या यादीत नसतो, तो मोजणीत असतो. प्रत्येक रांगेतून किती पॅकेट गेले व किती टाकले गेले, याचे आकडे स्विच दाखवतो. प्राधान्याच्या रांगेत टाकलेल्या पॅकेटचा आकडा शून्य असावा. सर्वांत खालच्या रांगेत तो असला, तर ते व्यवस्था काम करीत असल्याचे लक्षण आहे. दोन टोकांना वायरशार्कसारख्या साधनाने पॅकेट पकडून ४६ ही खूण शेवटपर्यंत टिकली का, हे पाहावे. मध्ये ती ० झाली असेल, तर कोणत्या स्विचवर झाली, ते टप्प्याटप्प्याने शोधता येते.

कामकाज थांबलेले असताना आयपर्फसारख्या साधनाने दुवा मुद्दाम भरून टाकावा आणि त्याच वेळी फोन लावून पाहावा. मोकळ्या रस्त्यावर रुग्णवाहिका वेळेत पोहोचली, याने काही सिद्ध होत नाही.

संस्थेच्या भिंतीबाहेर

या व्यवस्थेवर आक्षेपही आहेत. अमेरिकेतील ‘इंटरनेट२’ या विद्यापीठांच्या जाळ्यावर प्राधान्यसेवेचा प्रयोग झाला होता. तो पुढे का सरकला नाही, याची मीमांसा बेन टायटेलबाउम आणि स्टॅनिस्लाव्ह शालुनोव्ह यांनी मे २००२ मध्ये केली. जेथे क्षमता स्वस्तात वाढवता येते, तेथे प्राधान्याची गुंतागुंत सांभाळण्यापेक्षा क्षमता वाढवणेच परवडते, हा त्यांच्या मुद्द्यांपैकी एक होता. तो आजही विचारात घ्यावा असा आहे. दुवा रोज तासन्‌तास भरलेला राहत असेल, तर त्यावर उपाय रांग लावण्याचा नव्हे, दुवा वाढवण्याचा आहे. रांगेची शिस्त क्षणिक गर्दीसाठी असते.

सार्वजनिक इंटरनेटवर तर संस्थेने केलेल्या खुणा पाळल्या जातील, याची हमी नसते. आणि एका अर्थी ते योग्यही आहे. कार्यालयाच्या जाळ्याचा मालक कार्यालयच असते. तेथे कोणाला आधी सोडायचे, हा त्याचा अंतर्गत प्रश्न. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने मात्र कोट्यवधी ग्राहकांच्या पॅकेटमध्ये आवडनिवड करू लागणे ही वेगळी बाब आहे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई करणारे नियम काढले. मजकुराला दिल्या जाणाऱ्या वागणुकीतही भेदभाव नसावा, अशा शिफारशी २८ नोव्हेंबर २०१७ रोजी केल्या. केंद्र सरकारने त्या २०१८ मध्ये स्वीकारल्या. वाजवी वाहतूक-व्यवस्थापन आणि विशेष सेवा यांना त्यात अपवाद ठेवण्यात आला.

तंत्र दोन्हीकडे तेच आहे. तेच सहा बिट, त्याच रांगा. फरक पडतो तो निर्णय कोणाचा आणि तो कोणाला ठाऊक आहे, याने. संस्थेतही हीच कसोटी लावता येईल. कोणत्या विभागाची माहिती कोंडीच्या वेळी मागे राहील, हे बहुतेक ठिकाणी स्विचच्या मांडणीत कोठेतरी लिहिलेले असते आणि ते एका तंत्रज्ञाखेरीज कोणालाही माहीत नसते. चार ओळींचा तो प्राधान्यक्रम साध्या भाषेत लिहून, व्यवस्थापनाच्या संमतीने सर्व विभागांपुढे ठेवला, तर आवाज तुटल्याची पुढची तक्रार येईल तेव्हा वाद यंत्राशी होणार नाही, त्या कागदाशी होईल. आणि कागद बदलता येतो.